शेतात ओलाव्याचा सेन्सर बसवताना: जागा, खोली आणि मातीचा घट्ट संपर्क

प्रश्न थोडक्यात असा. टोमॅटोला ठिबक आहे. दोन सेन्सर बसवले, एक साधारण २० सेंटिमीटर खोल आणि दुसरा ४५ सेंटिमीटरवर. ठिबक सुरू केलं की दहा-पंधरा मिनिटांत खालचा सेन्सर ओल दाखवतो, वरचा मात्र तासाभरानेही कोरडाच. ज्यांनी सेन्सर दिले ते म्हणतात, दोन्ही व्यवस्थित आहेत. मग गडबड कुठे आहे, सेन्सर बसवायची बरोबर पद्धत कोणती, आणि या आकड्यांवर विसंबून पाणी द्यायचं की नाही?

सेन्सर व्यवस्थित आहेत हे मला पटतं. गडबड खड्ड्यात आहे. ठिबकचं पाणी जिरत जिरत ४५ सेंटिमीटरपर्यंत जायला चांगलाच वेळ लागतो. भारी जमिनीत कित्येक तास जातात, आणि पाण्याची पाळी छोटी असेल, म्हणजे एका वेळी थोडंच पाणी दिलं, तर ते तिथवर पोचतही नाही. तुमच्याकडे ते पंधरा मिनिटांत पोचतंय, म्हणजे ते मातीतून जातच नाहीये. खड्डा बुजवताना राहिलेल्या पोकळीतून, केबलच्या कडेने, सरळ खाली उतरतंय. वरच्या सेन्सरच्या काड्यांना, म्हणजे मातीत खुपसायच्या त्याच्या सळयांना, माती नीट भिडलेली नाही, त्यामुळे बाजूची माती ओली झाली तरी तो मधल्या हवेचंच माप देत बसलाय. लक्षणं दोन असली तरी कारण एकच: सेन्सर आणि माती यांच्यात फट राहिली आहे.

ही फट एवढा घोळ का घालते ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. तुमच्याकडचे काड्यांचे सेन्सर पाणी थेट मोजत नाहीत. आजूबाजूच्या मातीचा एक विद्युत गुणधर्म मोजतात आणि त्यावरून ओलावा काढतात. या गुणधर्माचं मूल्य हवेसाठी १, कोरड्या मातीच्या कणांसाठी ३ ते ५ आणि पाण्यासाठी ८० च्या आसपास असतं. हा फरक इतका मोठा आहे म्हणूनच ही युक्ती चालते. १९८० साली टॉप, डेव्हिस आणि अनन या कॅनडातल्या संशोधकांनी यावरून ओलावा काढायचं सूत्र मांडलं आणि आजही पुष्कळ सेन्सरांमागे त्याच धाटणीचं गणित असतं. पण या सेन्सरची नजर काड्यांपासून जेमतेम काही सेंटिमीटर जाते, आणि त्यातही काडीला चिकटलेल्या मातीचं वजन सगळ्यात जास्त. त्यामुळे काडीलगत मिलिमीटरभर हवा राहिली तरी आकडा बराच खाली येतो, आणि तीच पोकळी पाण्याने भरली की एकदम वर उडी मारतो. असा सेन्सर अलगद खोदून काढला तर काड्यांची एक बाजू मातीने माखलेली निघते आणि दुसरी जवळजवळ स्वच्छ. कधी कधी त्या फटीतून बारीक पांढरी मुळं खाली उतरलेली दिसतात. मुळांनाही मोकळी वाट आवडते.

म्हणजे अख्ख्या शेताच्या पाण्याचा निर्णय तुम्ही मुठीएवढ्या मातीवर सोपवताय. ती मूठ शेताच्या वतीने बोलू शकेल अशी निवडायची आणि सेन्सर घालताना तिची घडी मोडू द्यायची नाही. बसवण्याचं काम म्हणजे एवढंच, पण यात घाई केली तर महागातला सेन्सरही उपयोगाचा नाही.

आधी जागा. सेन्सर हातात घेण्यापूर्वी गिरमिट घेऊन शेतात फिरा आणि पाच-सहा ठिकाणी दोन-अडीच फुटांपर्यंतची माती काढून बघा. वरून एकसारखं दिसणारं रान खाली एकसारखं असेलच असं नाही. एका कोपऱ्यात फुटभरावर मुरूम लागतो, दुसरीकडे चुनखडीचा थर, तिसरीकडे जुन्या पाटाचा गाळ. ज्या प्रकारची माती सर्वांत जास्त क्षेत्रावर आहे तिथे सेन्सर जातो. बांधाकडेची पहिली चार-पाच झाडं, झाडाची सावली, ट्रॅक्टर वळायची जागा, पूर्वी खताचा ढीग असलेली जागा, पाणी साचणारा सखल भाग आणि व्हॉल्व्हजवळची गळती हे सगळं टाळायचं. आपल्याला सोयीची म्हणून वाटेलगतची जागा निवडायचा मोह सगळ्यांना होतो. तिथे माती तुडवलेली असते, धूळ बसते, आणि ते झाड कधीच शेतासारखं नसतं.

एकाच व्हॉल्व्हखाली अर्धी जमीन हलकी आणि अर्धी भारी असेल, तर हे दुखणं सेन्सरने बरं होणार नाही. हलक्या भागात बसवला तर भारी भागात पाणी जास्त होईल, भारीत बसवला तर हलका भाग उपाशी राहील. अशा ठिकाणी माझा सल्ला ठाम आहे: आधी व्हॉल्व्ह वेगळे करा, मग सेन्सरचं बघू.

ठिबक असेल तर आणखी एक तपासणी करायची, जी बहुतेक जण करत नाहीत. ज्या ड्रिपरजवळ सेन्सर बसणार तो सरासरीइतकं पाणी टाकतोय का? त्याच्याखाली आणि आजूबाजूच्या आठ-दहा ड्रिपरखाली भांडी ठेवून पंधरा मिनिटांचं पाणी जमा करा, मापून चौपट करा, म्हणजे तासाचा प्रवाह कळेल. अर्धवट चोंदलेल्या ड्रिपरजवळ बसवलेला सेन्सर हंगामभर शेत तहानलेलं आहे असं सांगत राहतो आणि आपण पाणी वाढवत राहतो. झाडही निरोगी, मध्यम वाढीचं निवडा. त्याच्या दोन्ही बाजूंना तुटाळ नको, कारण शेजारी झाड नसेल तिथे माती उशिरा सुकते.

ड्रिपरच्या थेट खाली सेन्सर कधीच नाही, तिथे कायम ओलच दिसेल. ओल्या पट्ट्याच्या काठावरही नाही, तिथे रोज वेगळं दिसेल. मध्यम जमिनीत ड्रिपरपासून १० ते १५ सेंटिमीटर, झाडांच्या ओळीच्या बाजूला, हे अंतर जमतं. हलक्या जमिनीत पाणी पसरण्याऐवजी खाली जातं, म्हणून थोडं जवळ घ्या. भारी जमिनीत ते आडवं पसरतं, तिथे थोडं लांब चालतं. खात्री करायची असेल तर पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी, सेन्सरच्या जागेपासून दूर, एका ड्रिपरशी आडवा चर घ्या. ओलीचा आकार डोळ्यांनी दिसतो. लॅटरल, म्हणजे ड्रिपर असलेली नळी, मात्र खुंट्यांनी पक्की करा. उन्हात नळी लांबते, सरकते, वाकडी होते, आणि महिन्याभराने ड्रिपर सेन्सरपासून वीतभर दूर गेलेला असतो. आकडे का बदलले याचा शोध मग भलतीकडेच चालतो.

सरीने पाणी देत असाल तर सरीच्या तोंडाशी पाणी जास्त मुरतं आणि शेवटाला एकतर कमी पोचतं किंवा तुंबतं. म्हणून लांबीचा साधारण दोन तृतीयांश भाग ओलांडल्यावर, वरंब्याच्या खांद्यावर, मुळांच्या पट्ट्यात सेन्सर घालायचा. तुषार सिंचनात दोन नोझलांचे फवारे जिथे एकमेकांवर पडतात त्या मधल्या भागात, आणि पानांच्या आडोशाला नाही. फळबागेत झाडाच्या छत्रीच्या आत, खोडापासून सुटं, जिथे बारीक मुळांचं जाळं आहे तिथे.

खोलीचं म्हणाल तर मूळ सगळ्या थरांतून सारखं पाणी ओढत नाही. मुळांच्या एकूण खोलीचे चार भाग केले तर वरच्या भागातून साधारण ४० टक्के, मग ३०, मग २० आणि तळच्या भागातून १० टक्के, असा ढोबळ हिशोब सिंचनात पूर्वापार धरतात. म्हणून दोन सेन्सर लागतात आणि दोघांची कामं वेगळी. वरचा दाट मुळांच्या थरात असतो, तो पाणी कधी द्यायचं ते सांगतो. खालचा मुळांच्या तळाशी असतो, तो पाणी कधी थांबवायचं ते सांगतो. कांद्यासारख्या उथळ मुळांच्या पिकाला १५ आणि ३० सेंटिमीटर, टोमॅटो-मिरचीला २० आणि ४५, ऊस किंवा फळझाडांना ३० आणि ६० अशी सुरुवात करता येते. पण एक काम आधी करा. त्याच शेतातलं एक वाढलेलं झाड बाजूने खोदून मुळं बघा. नांगराच्या तळाशी कडक थर बसला असेल तर पुस्तकात मीटरभर जाणारी मुळं २५ सेंटिमीटरवर आडवी वळलेली दिसतात. तिथे ४५ सेंटिमीटरवरचा सेन्सर पिकाबद्दल काहीच सांगणार नाही. तुमची खोली टोमॅटोसाठी ठीक आहे, तरी हे एकदा तपासा.

वेळ वाफशाची, म्हणजे माती ओलसर असते पण चिकटत नाही तेव्हाची. कोरड्या कडक जमिनीत काड्या वाकतात, माती ढेकळांनी निघते आणि परत बसत नाही. चिखलात गिरमिट फिरवलं तर भोकाची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते. त्या लिंपणातून पाणी नीट जात नाही आणि मुळंही बिचकतात. लागवड होऊन रोप धरलं की लगेच बसवणं उत्तम, म्हणजे मुळं सेन्सरभोवती आपोआप वाढतात. उभ्या मोठ्या पिकात बसवलं तर तोडलेली मुळं परत यायला वेळ लागतो, आणि तोवर तो कोपरा शेतापेक्षा ओला दिसतो.

मातीत घालण्याआधी घरीच तपासणी. काड्यांचा सेन्सर हवेत धरून आकडा बघा, मग बादलीभर पाण्यात काड्या पूर्ण बुडवून बघा. दोन्ही सेन्सर दोन्ही ठिकाणी जवळपास सारखे बोलले पाहिजेत. नंतर एका बादलीत शेतातली चाळलेली दमट माती दाबून भरा आणि त्यात दोन्ही खुपसून बघा. इथे जो फरक दिसेल तो सेन्सरांमधला, शेतातला नव्हे, आणि तो वहीत लिहून ठेवला की पुढे कामी येतो. केबलच्या दोन्ही टोकांना खोली लिहिलेली पक्की पट्टी लावा. एकाच टोकाला लावली आणि लॉगरची, म्हणजे आकडे नोंदवणाऱ्या यंत्राची, जोडणी कधी सुटली, तर वरचा कोण आणि खालचा कोण हे कोणालाच सांगता येत नाही.

आता खड्डा. प्रत्येक खोलीला वेगळं भोक, एकमेकांपासून फूटभर अंतरावर, पण ड्रिपरपासून सारख्याच अंतरावर. एकाच भोकात वरखाली दोन सेन्सर घातले की वरच्याच्या वाटेने खालच्याकडे पाणी जातं. शक्य असेल तर भोक तिरकं घ्या, साधारण ४५ अंशांत, म्हणजे सेन्सरच्या बरोबर वरची माती न हललेली राहते आणि वरून येणारं पाणी त्याच मातीतून गाळून खाली येतं. निघालेली माती पोत्यावर थराथराने वेगळी ठेवा: वरची इकडे, मधली मध्ये, तळची तिकडे. बुजवताना उलट क्रमाने परत घालायची असते. तळची पिवळट चोपण माती वर आली आणि वरची भुसभुशीत माती खाली गेली, की तिथली पाण्याची चालच बदलते.

काड्या नेहमी न हललेल्या मातीत जायला हव्यात, तुम्ही बुजवलेल्या मातीत नाही. भोकाच्या तळात किंवा चराच्या उभ्या भिंतीत, सरळ रेषेत, एका दमात दाबायच्या. हातोडी नको, हलवून-डोलवून घालणं तर अजिबात नको. डोलवलं की काडीभोवती शंकूसारखी पोकळी तयार होते आणि ती परत कधी बुजत नाही. दाबताना हाताला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा विरोध जाणवला पाहिजे. मधेच एकदम सैल वाटलं तर खाली पोकळी किंवा बीळ आहे. कट्ट करून अडलं तर दगड आहे. दोन्ही वेळा काढा आणि वीतभर सरकून नवीन भोक घ्या. जमीन फारच कडक असेल तर काड्यांपेक्षा किंचित बारीक सळईने आधी वाट करून घ्या. सेन्सरचं पातं चपटं असेल तर ते आडवं न ठेवता धारेवर उभं ठेवा, नाहीतर पात्याच्या पाठीवर पाणी साचून राहतं.

ज्यांच्याकडे मातीचा ताण, म्हणजे माती पाणी किती घट्ट धरून ठेवते ते, मोजणारे सेन्सर आहेत, म्हणजे टेन्शिओमीटर (सिरॅमिक कप असलेली पाण्याने भरलेली नळी) किंवा दाणेदार गाभ्याचे विद्युतरोध मोजणारे सेन्सर, त्यांच्यासाठी पद्धत थोडी वेगळी. हे सेन्सर मातीशी पाण्याची देवाणघेवाण करून चालतात, त्यामुळे त्यांना ओल्या मातीचा अखंड सांधा लागतो. त्याच खोलीतली माती बारीक चाळून पाण्यात कालवायची, सारवायच्या शेणकाल्याइतकी दाट. पेलाभर काला भोकाच्या तळात ओतायचा आणि सेन्सर त्यात हळूच रुतवायचा. बुडबुडे थांबेपर्यंत दाबून धरा. दाणेदार सेन्सर आधी एक-दोनदा भिजवून वाळवावे लागतात आणि शेवटी ओल्या अवस्थेतच पुरायचे. पाण्यात बुडवलेला असताना त्याने शून्याच्या आसपास आकडा द्यायला हवा. टेन्शिओमीटरमध्ये उकळून गार केलेलं पाणी भरा, म्हणजे विरघळलेली हवा कमी राहते, आणि त्याचा सिरॅमिक कप आदल्या रात्रीपासून पाण्यात ठेवा. काड्यांच्या सेन्सरला मात्र हा काला लावू नका. काला सुकला की आकसतो आणि काडीपासून सुटतो.

बुजवणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात निर्णायक भाग. पाच-सात सेंटिमीटर माती टाकायची, काठीच्या बोथट टोकाने चेपायची, मग पुढचा थर. मूळ जमिनीइतकीच घट्ट करायची, धुमसून दगड करायची नाही. बरोबर झालं की नाही याची खूण सोपी आहे: भोकातून निघालेली जवळपास सगळी माती परत भोकात मावली पाहिजे. ओंजळ-दोन ओंजळी उरल्या तर आत कुठेतरी पोकळी आहे. केबलभोवतीची माती बोटांनी दाबा, कारण पाणी तिच्याच कडेने सरकतं. भारी जमिनीत केबलभोवती बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचं छोटं कडं भरलं तर ते फुगून वाट बंद करतं. शेवटी वर मातीचा किंचित उंचवटा ठेवा, म्हणजे काही पाण्यांनंतर माती बसली तरी तिथे खळगा होणार नाही. तुमच्याकडे आत्ता नेमका तिथे खळगा झालेला असणार.

भेगाळणाऱ्या भारी जमिनीबद्दल वेगळं सांगायला हवं. अशी जमीन सुकताना आकसते आणि भेग पडायला कमजोर जागा शोधते. आपण खोदलेली जागा ही तिला आयती मिळते. भेग सेन्सरवरून गेली की त्या दिवसापासूनचे आकडे निरर्थक. त्यावर उपाय दोन: सेन्सरची जागा आच्छादनाखाली ठेवायची, आणि जमिनीला भेगा पडण्याइतकी सुकू द्यायचीच नाही. तरी भेग पडलीच तर तिच्यात माती ढकलून वेळ मारून नेऊ नका, सेन्सर काढून शेजारी नव्याने बसवा.

केबल आणि लॉगरचं पटकन सांगतो. केबलला थोडी ढील ठेवा. जमिनीतून वर येण्याआधी तिला एक खोलगट वळण द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी वळणाशीच गळून जाईल. मशागतीच्या पट्ट्यातून जात असेल तर नांगराच्या खाली, जाड पाइपमधून न्या आणि पाइपची तोंडं बंद करा, उंदरांना केबलचं आवरण फार प्रिय असतं. सांधे जमिनीत पुरू नका. अँटेना पूर्ण वाढलेल्या पिकाच्याही वर राहील एवढा खांब हवा. पानांमधलं पाणी संदेश गिळतं, म्हणून लागवडीच्या वेळी चालणारं यंत्र फुलोऱ्यात अचानक मुकं होतं. खांबाला ठळक रंगाची खूण बांधा आणि खुरपणी-कोळपणीला येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवा. माझ्या पाहण्यात सेन्सर बिघडून जितके वाया गेले त्याहून जास्त केबल तुटून गेले.

आता आकडे. पहिली दोन-तीन पाणी होईपर्यंत कुठलाही निर्णय घेऊ नका, माती बसायची असते. त्यानंतरही शेजारच्याच्या आकड्याशी तुमचा आकडा ताडून बघू नका. आकारमानाने २५ टक्के ओलावा म्हणजे रेताड जमिनीत चिंब, पोयट्याच्या जमिनीत पीक खुशीत, आणि चिकण जमिनीत पीक कोमेजायच्या बेतात. तुमच्या जमिनीचा वाफशाचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल. एकदा भरपूर पाणी द्या, किंवा मोठ्या पावसाची वाट बघा, आणि आलेख पाहत राहा. आधी तो वर जातो, मग पहिल्या दिवस-दोन दिवसांत भराभर खाली येतो, आणि एका ठिकाणी त्याचा उतार मंदावतो. जास्तीचं पाणी निथळून गेलं ते इथे. हा तुमचा भरलेला आकडा.

त्यानंतर वरच्या सेन्सरचा आलेख जिन्यासारखा उतरू लागतो. दिवसा पायरी खाली, रात्री सपाट. ही मुळं पाणी पिताहेत त्याची सही आहे, आणि सेन्सर बरोबर बसला याची मला सगळ्यात भरवशाची वाटणारी खूण हीच. उन्हाचा जोर तोच असताना पायऱ्या लहान व्हायला लागल्या, तर मुळांना पाणी ओढणं जड जातंय असं समजा. पाणी त्याच्या आधीच द्यायला हवं होतं.

आकड्यांत मांडायचं तर असं. समजा भरलेला आकडा ३६ टक्के आणि त्या मातीत पीक कायमचं कोमेजतं ती पातळी २० टक्के. मधले १६ टक्के पिकाच्या उपयोगाचे, पण ते सगळे वापरू द्यायचे नसतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या सिंचन पुस्तिकेत कुठल्या पिकाने यातला किती वाटा ताण न पडता वापरावा ते दिलंय: कांदा ०.३०, टोमॅटो ०.४०, कापूस ०.६५. टोमॅटोसाठी १६ चे ०.४० म्हणजे ६.४, म्हणून साधारण २९.५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. ४५ सेंटिमीटरच्या थरात हे ६.४ टक्के म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर पाणी. ठिबकने ओला होणारा पट्टा क्षेत्राच्या ४० टक्के असेल तर सगळ्या क्षेत्रावर मिळून साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला साडेअकरा लिटर. ठिबकवाल्याने या टोकापर्यंत थांबायचंही कारण नाही. थोडं थोडं आणि वरचेवर देता येणं हाच ठिबकचा फायदा. ही खालची मर्यादा फक्त ओलांडायची नाही एवढं ध्यानात ठेवा.

ताण मोजणाऱ्या सेन्सरचं उलट असतं, आकडा वाढला म्हणजे माती सुकली. तिथे एकक किलोपास्कल किंवा सेंटिबार, दोन्ही सारखंच. १० च्या खाली माती चिंब, ३० ते ६० ही बहुतेक जमिनींत पाणी द्यायची वेळ, रेताड जमिनीत याच्याही आधी आणि भारी चिकण जमिनीत ६० च्या पुढे. टेन्शिओमीटर ८० च्या आसपास हवा ओढतो आणि बंद पडतो, तेव्हा तो शून्य दाखवू लागला तर माती ओली झाली असं समजू नका.

आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा, असं विचारलंत. हाताने तपासल्यावर जेवढा बसेल तेवढा. सेन्सरपासून दोन-तीन फुटांवर, ड्रिपरपासून तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच खोलीची माती गिरमिटाने काढा आणि मुठीत दाबा. अधिक नेमकं हवं असेल तर ठरावीक आकारमानाच्या धातूच्या कड्याने नमुना घ्या, ओला वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा वजन करा. ओली माती १३० ग्रॅम आणि वाळलेली १०४ ग्रॅम भरली तर पाणी २६ ग्रॅम, म्हणजे वजनाने २५ टक्के. वाळलेल्या मातीचं वजन कड्याच्या आकारमानाने भागून स्थूल घनता १.२ आली, तर आकारमानाने ओलावा ३० टक्के. सेन्सर २६ किंवा ३४ दाखवत असला तरी तो रोज तेवढाच चुकत असेल तर घाबरू नका, तुमच्या दोन्ही मर्यादा त्याच सेन्सरच्या भाषेत ठरवल्या की काम भागतं. रोज वेगळा चुकत असेल तर खोदून बघा.

पाणी नेहमीइतकंच देऊनही ठिबकमधून खत सोडल्याच्या दिवशीच आकडा जास्त उसळत असेल तर तो क्षारांचा परिणाम आहे, विशेषतः कमी कंप्रतेवर चालणाऱ्या स्वस्त सेन्सरांवर. दुपारी वर आणि पहाटे खाली असं रोजचं हेलकावणं वरच्या सेन्सरवर दिसलं तर बहुतेक वेळा ते तापमान असतं, म्हणून रोज एकाच वेळेचा, शक्यतो पहाटेचा आकडा ताडून बघावा. उघड्या धातूच्या दोन काट्यांचे जे अगदी स्वस्त सेन्सर मिळतात ते कुंडीत प्रयोगाला ठीक. शेतात पुरले की विजेमुळे काटे झिजतात आणि पीक हातात यायच्या आधीच ते खोटं बोलू लागतात. चार ठिकाणी असे लावण्यापेक्षा एका ठिकाणी दोन खोल्यांवर चांगले लावा.

तुमच्या शेतात आता करायचं ते असं. वाफसा आला की दोन्ही सेन्सर बाजूने खोदून काढा, केबल धरून ओढू नका, तिथेच सांधा तुटतो. काड्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसा आणि बादलीची तपासणी करून घ्या. जुनं भोक पुन्हा वापरू नका. ते माती भरून चेपून टाका आणि त्याच ओळीत तीन-चार झाडं पुढे, ड्रिपर मापून, न हललेल्या मातीत दोन वेगळी तिरकी भोकं घेऊन नव्याने बसवा. तिसऱ्या पाण्यापासून प्रत्येक सेन्सरचा आकडा ठिबक सुरू केल्यापासून किती वेळाने हलतो ते वहीत लिहायला लागा. आधी वरचा हलला पाहिजे, खालचा बऱ्याच वेळाने, आणि छोट्या पाळीला तो हलला नाही तरी चालेल. खालचा प्रत्येक पाण्याला चढत असेल आणि पुढच्या पाळीपर्यंत उतरत नसेल, तर मुळांच्या खाली पाणी आणि त्याबरोबर खत वाया जातंय, पाळी थोडी छोटी करा आणि पुन्हा बघा. पुढे कधी दोघांमधलं हे अंतर अचानक कमी होऊन खालचा लवकर हलू लागला, तर त्याच दिवशी केबलपाशी जाऊन बघा, वरचा उंचवटा खचलेला असेल.